पेटीची बिजागरी : आधी एकच स्क्रू



या अंकातला धडा लाकडी पेटीचा आहे, आणि त्यातही पेटीच्या सगळ्यात लहान भागाचा, म्हणजे बिजागरीचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बिजागरीवर आख्खा लेख? आम्हीही असंच म्हणत होतो. पेटी घडवायला दोन दिवस जातात, बिजागरी लावायला अर्धा तास, म्हणून ते काम आम्ही शेवटी, घाईत, दिवेलागणीला उरकायचो. त्याची किंमत आमच्या गटाने मोजली आहे. ती तुम्हाला मोजावी लागू नये, म्हणून हे लिहिते.

आमच्या पेट्या परत का आल्या

आमचा गट किहीमचा. शनिवार-रविवारी मांडव्याच्या जेट्टीवर उतरून मुंबईची माणसं आपल्याकडे येतात. आम्ही त्यांना कोकम, पापड आणि पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकत होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आपल्या वाड्यांमधली झाडं आडवी झाली. आमच्या एका मावशींच्या वाडीतले दोन जुने फणस पडले. ते चुलीत जाणार होते, पण गावच्या सुतारकाकांनी अडवलं. "फणसाचं लाकूड आहे, जाळू नका," म्हणाले. त्यांनी फळ्या चिरून, मध्ये पट्ट्या घालून, पडवीच्या सावलीत रचून ठेवल्या. इंचभर जाडीची फळी नीट वाळायला साधारण एक वर्ष लागतं. आम्ही दोन वर्षं थांबलो आणि मग काकांच्या हाताखाली पेट्या करायला शिकलो. ८ इंच लांब, ५ इंच रुंद, पिवळसर सोनेरी रंगाच्या. दागिने ठेवा, हळदीकुंकवाचं सामान ठेवा, नाहीतर भेट म्हणून द्या.

मुंबईच्या एका दुकानाने ४० पेट्या मागितल्या. गटातून अंतर्गत कर्ज काढून आम्ही बिजागऱ्या, स्क्रू आणि पॉलिश आणलं. पेट्या वेळेत गेल्या. पंधरा दिवसांनी त्यातल्या १७ परत आल्या. कारण एकाच ओळीत लिहिलं होतं : झाकण वाकडं बसतं.

पुढची बैठक कशी झाली असेल ते तुम्हाला सांगायला नको. हप्ता समोर होता. बिजागऱ्या लावायचं काम गटातल्या सगळ्यात लहान सुनेकडे होतं. कोणीतरी म्हणालं, "तिच्या हाताला वळणच नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना मात्र ती आली नाही.

मग सुतारकाकांनी त्या १७ पेट्या आमच्या ओटीवर मांडायला लावल्या आणि आमच्याच हातून प्रत्येकीचे स्क्रू काढायला लावले. तपासून झाल्यावर हिशोब असा निघाला : ९ पेट्यांवर दुसऱ्याच पेटीचं झाकण बसलं होतं. ५ पेट्यांत पेटीवरची खूण आणि झाकणावरची खूण जुळत नव्हती. फक्त ३ पेट्यांत स्क्रू तिरके गेले होते.

त्या ५ पेट्यांचं कारण शोधताना एक गोष्ट सापडली. पेटीवर खुणा केल्या होत्या काकांच्या पोलादी पट्टीने, आणि झाकणावर खुणा केल्या होत्या शिलाईच्या टेपने. शिलाईची टेप वापरून वापरून ताणली जाते. ६ इंचांत ती अर्धा सूत लांब झाली होती. (सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक सूत.) अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर. ब्लाउजमध्ये तेवढा फरक खपून जातो. बिजागरीत नाही.

म्हणजे चूक त्या पोरीच्या हाताची नव्हतीच. ती आम्हा सगळ्यांच्या पद्धतीची होती. ज्यांनी टेप दिली, ज्यांनी झाकणं एकावर एक ढिगात टाकली, त्या आम्हीच. मी स्वतः तिच्या घरी जाऊन तसं सांगितलं. हे काम तिला सांगण्यापेक्षा भर बैठकीत सांगायला हवं होतं, म्हणून पुढच्या बैठकीत इतिवृत्तातही लिहिलं.

बिजागरी इतकी हट्टी का?

जातं आठवा. दोन दगड कितीही चांगले टाकलेले असोत, मधला खिळा सरळ नसेल तर वरची तळी डगमगते आणि पीठ एका बाजूला जाडंभरडं पडतं. बिजागरीचंही तसंच. तिला दोन पानं असतात, मधे नळी असते आणि नळीत एक बारीक खिळा. झाकण फिरतं ते त्या खिळ्याभोवती.

पेटीला दोन बिजागऱ्या म्हणजे दोन खिळे. झाकण दोन खिळ्यांभोवती एकाच वेळी फिरायचं, तर ते दोन्ही खिळे एका सरळ रेघेत पाहिजेत. एक जरी थोडा आत, बाहेर किंवा तिरका असला, तर दोन्ही एकमेकांशी भांडतात. झाकण उघडताना करकरतं, एका कोपऱ्यात उचललं जातं, आणि रोजच्या उघडझापीने स्क्रू हळूहळू लाकडातून सुटतात. म्हणून बिजागरीचं सगळं काम एका वाक्यात मावतं : दोन खिळे, एक रेघ. पुढे जे काही सांगते ते या एका रेघेसाठी.

सामान आणताना

आपण समुद्रकाठी राहतो. खारी हवा लोखंडाला खाते, हे खिडकीच्या गजांकडे बघून आपल्याला ठाऊक आहे. बाजारात पिवळ्या रंगाच्या बिजागऱ्या दोन तऱ्हेच्या मिळतात : खऱ्या पितळेच्या, आणि लोखंडावर पिवळा मुलामा दिलेल्या. दिसायला सारख्या. दुकानात जाताना छोटं चुंबक घेऊन जा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि एका पावसाळ्यात त्याचा गंज लाकडावर उतरेल. स्क्रूही तपासा. पितळी बिजागरी आणि लोखंडी स्क्रू, ही फसगत नेहमीची.

बिजागरीचं माप पेटीच्या भिंतीवरून ठरवा. आमच्या पेटीची भिंत ३ सूत, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर जाड आहे. बिजागरीचं एक पान त्यापेक्षा अरुंद हवं. पान भिंतीइतकंच रुंद घेतलं तर खाच आतल्या बाजूला फुटते. ८ इंचांच्या पेटीला १ इंच लांबीच्या दोन बिजागऱ्या पुरतात.

स्क्रूची लांबी ठरवताना झाकणाकडे बघा. पेटीत स्क्रू भिंतीतून खाली जातो, तिथे लाकूड भरपूर असतं. झाकणात मात्र तो वरच्या दिशेने जातो. झाकण ३ सुतांचं आणि स्क्रू अर्ध्या इंचाचा घेतला, तर टोक झाकणाच्या वर येणारच. आमच्या एका पेटीवर ते तसं आलं होतं, अगदी मधोमध, पॉलिश झाल्यावर.

अवजारं थोडीच लागतात : अर्ध्या इंचाची धारदार पटाशी, लाकडी हातोडी, गुण्या, पोलादी पट्टी, कटर, बारीक ड्रिल, पेचकस आणि गोणी शिवायचा दाभण. पटाशी बोथट असेल तर काम सुरूच करू नका. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोर लावला की ती निसटते. पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी तिच्या मागे, कधीही पुढे नाही.

बिजागरीची पंचसूत्री

बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तशीच ही बिजागरीची.

१. जोडी मोडू नका. ज्या पेटीचं झाकण, त्याच पेटीला. हाताने केलेल्या दोन पेट्या डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी केसभर वेगळ्या असतातच. उत्तम उपाय म्हणजे पेटी आधी सहाही बाजूंनी बंद करायची, फेविकॉल पूर्ण वाळू द्यायचं आणि मग भोवती रेघ मारून करवतीने झाकण कापून वेगळं करायचं. मग झाकण आणि पेटी एकाच लाकडाची, रेषासुद्धा वरपासून खालपर्यंत सलग येतात. कापलेल्या कडा रंध्याने किंवा सपाट फळीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. लगेच आतल्या बाजूला पेन्सिलीने दोघांवर एकच नंबर घाला, आणि मागच्या बाजूवर एक त्रिकोण काढा, अर्धा पेटीवर, अर्धा झाकणावर. त्रिकोण जुळला, तर झाकण योग्य पेटीवर आणि योग्य दिशेला आहे.

२. मोजू नका, खूण उतरवा. या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. पेटी वेगळी मोजली आणि झाकण वेगळं मोजलं, तर दोन मापांत दोन चुका होतात. त्यापेक्षा एकदाच खूण करायची आणि ती दुसऱ्या तुकड्यावर उतरवायची.

बिजागरी टोकापासून साधारण तिच्या स्वतःच्या लांबीइतकी आत ठेवली की डोळ्याला बरी दिसते. म्हणजे आपल्या पेटीत १ इंच. हे अंतर पट्टीने मोजू नका. बरोबर १ इंच रुंदीचा लाकडाचा एक ठोकळा करून ठेवा. पेटीच्या मागच्या भिंतीवर, टोकाला चिकटवून ठोकळा धरा, ठोकळ्याला चिकटवून बिजागरी ठेवा, आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी कटरने बारीक रेघ मारा. तोच ठोकळा दुसऱ्या टोकाला. ४० पेट्या असोत की ४००, ठोकळा ताणला जात नाही.

पेन्सिल नको, कटर घ्या. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि पटाशी रेघेच्या अलीकडे ठेवायची की पलीकडे, हा प्रश्न उरतो. कटरच्या चिरेत पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

आता झाकण पेटीवर ठेवा, त्रिकोण जुळवा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भोवती आवळून बांधा, म्हणजे काही हलणार नाही. मागच्या बाजूने गुण्या लावून पेटीवरच्या खुणा सरळ झाकणावर न्या. झालं. झाकण मोजायची गरजच उरली नाही.

३. खाच पानापुरती, खोली निम्मी-निम्मी. बिजागरी बंद करून दोन्ही पानं एकमेकांना समांतर धरा आणि एकूण जाडी बघा. ती ४ मिलिमीटर असेल तर २ मिलिमीटर पेटीत आणि २ मिलिमीटर झाकणात गेली पाहिजे. खरं तर केसभर कमीच घ्या. कमी पडलेली खाच आणखी खोल करता येते. जास्त झालेली भरून काढायला त्रास होतो.

खाचेची रुंदी पानाच्या कडेपासून नळीतल्या खिळ्याच्या मध्यापर्यंत धरा. म्हणजे नळी अर्धी मागच्या भिंतीबाहेर राहते आणि झाकण मोकळं उघडतं. नळी पूर्ण आत गेली तर झाकण अर्ध्यात अडकतं.

खाच करताना आधी तिन्ही बाजूंना पटाशी उभी धरून हलके ठोके द्या. मग आडव्या दिशेने जवळजवळ चिरा पाडा आणि शेवटी पटाशी आडवी करून पातळ ढलप्या काढा. एका दमात खोल जाऊ नका. मधेमधे बिजागरी ठेवून बघत राहा. ती हलक्या दाबाने बसली पाहिजे, खडखडली नाही पाहिजे. खाच झाल्यावर दोन्ही नळ्यांना चिकटवून पोलादी पट्टी धरा. पट्टी दोन्हीकडे सारखी टेकते का? आठवा : दोन खिळे, एक रेघ.

४. आधी एकच स्क्रू. पानाला दोन भोकं आहेत म्हणून दोन्ही स्क्रू लगेच लावायचे नाहीत. प्रत्येक पानाला एकच स्क्रू लावा, झाकण पाचसहा वेळा उघडझाप करा, आणि चारही बाजूंनी बघा. ठीक असेल तरच दुसरा. एका स्क्रूवरची चूक सुधारता येते, कारण दुसऱ्या भोकाखालचं लाकूड अजून कोरं असतं.

आपल्या किहीमलाच ही रीत पक्ष्यांनीही पाळलेली आहे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली १९३० च्या पावसाळ्यात आपल्या गावात राहून सुगरणींची घरटी बघत बसले होते. त्यांनी नोंदवलं की नर घरटं अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडलं तरच तो पुढचं, नळीपर्यंतचं विणकाम पुरं करतो. आधी पूर्ण घरटं आणि मग नापसंती, हा तोटा त्याला परवडत नाही. आपल्याला तरी कुठे परवडतो?

स्क्रू लावायची पद्धत : भोकाच्या अगदी मधोमध दाभणाने टोचून खूण करा. ती मधोमध नसेल तर स्क्रूचं तिरपं डोकं आत बसताना पान एका बाजूला ओढतं. आमच्या ३ पेट्यांत हेच झालं होतं. मग स्क्रूपेक्षा थोड्या बारीक ड्रिलने भोक पाडा. किती खोल जायचं तिथे ड्रिलला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे झाकण आरपार होणार नाही. पितळेचा स्क्रू मऊ असतो. कोऱ्या लाकडात जोराने पिळला तर डोकं तुटून हातात येतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्या, तो काढा आणि मग पितळी लावा. स्क्रूला मेणबत्ती घासली की तो सहज जातो. साबण लावू नका, साबण ओल धरतो.

५. तपासणी दुसरीने, नोंद वहीत. जिने बिजागरी लावली, तिने ती पेटी पास करायची नाही. दुसरीने करायची. अविश्वास म्हणून नव्हे. आपणच केलेल्या भाजीतलं मीठ आपल्याला कमी-जास्त कळत नाही, दुसऱ्याला पहिल्या घासाला कळतं, तसं आहे हे. वहीत पेटीचा नंबर, कोणी लावली, कोणी तपासली, काय दुरुस्त केलं, एवढ्या चार रकान्यांत नोंद. त्या १७ पेट्या आल्या तेव्हा ही वही असती, तर बैठकीत कोणावर बोट दाखवायची वेळच आली नसती.

झाकण काय सांगतं, ते ऐका

झाकण बंद करून पेटी डोळ्यांच्या उंचीवर धरा, उजेडाकडे.

पुढून फट दिसते, मागे घट्ट : खाच जास्त खोल झाली. बिजागरी काढून पानाखाली जाड कागदाची, जुन्या पत्रिकेची पट्टी ठेवा. लग्नपत्रिका याला उत्तम.

मागे फट दिसते, पुढे टेकतं : खाच कमी खोल आहे. एकेक पातळ ढलपी काढत जा आणि प्रत्येक वेळी बसवून बघा.

एक कोपरा वर राहतो : दोन्हींपैकी एक खाच उथळ आहे, किंवा पेटीची कडच सपाट नाही. आधी झाकण नुसतं ठेवून बघा, स्क्रूंशिवाय. तेव्हाही डुगडुगलं, तर दोष बिजागरीचा नाही. पेटीची कड घासा.

झाकण डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेलं : स्क्रूचं भोक मधोमध नव्हतं. स्क्रू काढा, भोकात आगकाडीचा तुकडा फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि नव्याने मधोमध भोक पाडा.

बंद होताना शेवटच्या क्षणी झाकण उसळतं : एखाद्या स्क्रूचं डोकं पानाच्या वर राहिलं आहे आणि समोरच्या स्क्रूला टेकतं आहे. पूर्ण आत बसवा, किंवा लहान डोक्याचा स्क्रू घ्या.

उघडल्यावर झाकण मागे कोसळतं : बिजागरीवर सगळा भार येतो आणि स्क्रू उपटले जातात. आतून एक बारीक साखळी किंवा मजबूत फीत लावा, म्हणजे झाकण उभ्याच्या थोडं पुढे जाऊन थांबेल. आजीच्या फणेरपेटीच्या झाकणाला आत आरसा असायचा. तुम्हीही आरसा लावणार असाल, तर झाकण जड होईल, मग साखळी हवीच.

पॉलिश आणि पावसाळा

बिजागऱ्या बसवून, तपासून झाल्या की त्या पुन्हा काढा आणि मगच पॉलिश करा. नाहीतर पॉलिश नळीत जाऊन खिळा जाम होतो. प्रत्येक पेटीच्या बिजागऱ्या आणि स्क्रू वेगळ्या काडेपेटीत ठेवा, वर पेटीचा नंबर लिहा. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र नक्की. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेलं, आत शिरणारं झाकण जुलैत उघडतच नाही. तेव्हा उन्हाळ्यात केलेल्या पेटीत पोस्टकार्डाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवा. ओलं लाकूड तर वापरूच नका. त्यावर आज कितीही नेमकी बिजागरी बसवली, तरी लाकूड वाळताना पिळतं आणि रेघ मोडतं.

आणि बिजागरी जमेपर्यंत पेट्या करायच्याच नाहीत, असंही नाही. सावंतवाडीच्या गंजिफाची पेटी बघा, तिचं झाकण खाचेतून सरकतं, बिजागरी लागतच नाही. नव्या गटांनी त्याने सुरुवात करावी, हात बसला की बिजागरीकडे यावं.

एका पेटीचा हिशोब

समजा, एका पेटीला लाकूड, सामान आणि मजुरी धरून २४० रुपये खर्च आला आणि ती ३०० रुपयांना गेली. नफा ६० रुपये. एक पेटी परत आली आणि फुकट गेली, तर २४० रुपये बुडाले. म्हणजे चांगल्या ४ पेट्यांचा नफा त्या एका पेटीने खाल्ला. आणि दुकानदाराने पुन्हा मागणी दिली नाही, तर त्याचा हिशोब कुठल्या रकान्यात लिहायचा? बिजागरीला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास दिला तर काय वाचतं, ते आता तुम्हीच मांडा. तुमच्या पेटीचे खरे आकडे घालून हा हिशोब पुढच्या बैठकीत करा.

मदत कुठे मिळेल

अवजारांसाठी खर्च करायची ताकद नसेल, तर प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. हाताने आणि अवजारांनी स्वतः काम करणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा नाव कोणाचं घालायचं ते घरात बोलून ठरवा. रोज पटाशी जिच्या हातात असते, तिचं नाव असावं, हे आमचं मत.

शेवटी

त्या १७ पेट्यांपैकी १४ आम्ही दुरुस्त केल्या. ९ झाकणं आपापल्या पेट्यांवर गेली, ५ पेट्यांच्या खाचा आगकाड्या आणि लाकडाच्या पट्ट्या घालून नव्याने घेतल्या. तिरक्या स्क्रूच्या ३ पेट्या फाटल्या होत्या, त्या आम्ही विकल्या नाहीत. त्यातली एक आमच्या बैठकीत असते. नवीन बाई आली की ती पेटी तिच्या हातात देतो आणि म्हणतो, सांग बघू काय चुकलंय.

गटाचं अंतर्गत कर्ज चार महिने उशिरा फिटलं, पण फिटलं. आणि आमच्या पेट्या आज पास कोण करतं, ठाऊक आहे? तीच लहान सून. पट्टी लावते, पेटी उजेडाकडे धरते, एक डोळा मिटते. तिने मान हलवल्याशिवाय दुसरा स्क्रू लागत नाही. मीसुद्धा लावत नाही.

तुमच्या गटात पेट्या होत असतील, तर या महिन्यात एवढं एकच करा : १ इंचाचा ठोकळा बनवा आणि शिलाईची टेप शिलाईच्या डब्यात परत ठेवा. काय फरक पडला, ते पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा. सोबत एक पेटीही आणा. आम्ही ती उजेडाकडे धरून बघू, आमची तुम्ही बघा.